वर की खाली

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलं! सगळं गेलं. जेवायच्या वेळेपर्यंत दुप्पट दिसत होतं. तेव्हा विकलं असतं तर आत्ता राणीसारखी बसले असते. पण नाही. 'अजून थोडं, अजून थोडं' करत बसले, आणि बाजार बंद होता होता टायरवाली धाडकन खाली. तिकीट शून्य.

पुन्हा कधी नाही. कानाला खडा.

८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार-रविवार बाजार बंद. हे दोन सुट्टीचे दिवस कुणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे! हात नुसते वळवळतात. मशीनशेजारी कामाचा ढीग पडलाय – लांबी कमी करायच्या पँटी, एका जाकिटाची चेन, शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा. एकाला हात लाववत नाही.

मी नेमकं काय करते ते एकदा लिहूनच ठेवते. म्हणजे मला तरी कळेल. टायर बनवणारी एक मोठी कंपनी आहे. शुक्रवारी बाजार बंद होईपर्यंत तिचा शेअर वर जाणार की खाली, यावर तिकीट मिळतं. तिकीट हा माझा शब्द. वर जाईल वाटलं तर कॉल घ्यायचा, खाली जाईल वाटलं तर पुट. शुक्रवारी सकाळी अगदी स्वस्तात मिळतं, कारण त्याचं आयुष्यच त्या दिवसापुरतं. बरोबर आलं तर चौपट, पाचपट. चुकलं तर दिवस मावळायच्या आत कचरा. बस्स, एवढंच. शेअर घ्यायचा नाही की कंपनीचं तोंड बघायचं नाही. मी तर तिचा टायरसुद्धा कधी निरखून पाहिला नाही.

शिकवलं कुणी? फोनवरच्या ग्रुपातल्या 'सरां'नी. सर कोण, कुठले, कुणाला पत्ता नाही. फोटोत नुसती लाल गाडी. दर शुक्रवारी सकाळी लिहितात, 'आज स्फोट होणार, बेल्ट बांधा!' आणि आम्ही बांधतो.

ह्यांच्या आजारपणासाठी करते, असं मी स्वतःला सांगते. पहिल्या वेळी तसंच होतं. आता? आता माहीत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

स्पीचवाल्या बाई येऊन गेल्या.

ह्यांना झटका आला त्यानंतर आख्खी थंडी निघून गेली. पाय ओढत का होईना, चालतात. उजवा हात लुळा आहे. पण गेलं ते बोलणं. आणि बोलणं जावं तर कुणाचं – ह्यांचं! जन्मभर पाण्याचे पंप विकले ह्या माणसाने. ज्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी, त्याच्याही गळ्यात पंप मारून यायचे, वर त्याच्याकडचा चहा पिऊन. सगळी बिल्डिंग ह्यांना रेडिओ म्हणते. मीही म्हणायचे, 'अहो, पाच मिनिटं बंद करा की तो रेडिओ!' झाला बंद. आता ऐका शांतता.

बाई चित्रांची कार्डं दाखवतात. कप. किल्ली. बूट. खुर्ची. ह्यांचं सगळ्यांना एकच उत्तर – 'दे दे दे.' मध्येच एक कचकचीत शिवी, ती मात्र स्वच्छ, मात्रा-वेलांटीसकट! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई खूश. म्हणाल्या, 'शिव्यांचा कप्पा मेंदूत वेगळा असतो, तो आधी उघडतो. चांगली खूण आहे.' मी म्हटलं, 'मग काळजीच नको. ह्यांचा तो कप्पा चांगला प्रशस्त आहे.' खूप हसल्या. तरुण आहेत, पण हसणं मोकळं आहे.

जाताना दारात थांबल्या. 'हे सुरुवातीचे महिने पुन्हा मिळणार नाहीत. आत्ता जेवढं बोलाल तेवढं परत येईल. मी आठवड्यातून तीनदा तासभर येते. बाकी सगळा दिवस तुमचाच आवाज त्यांच्या कानावर आहे. त्यांच्याकडे बघून बोला. छोटी वाक्यं. आणि उत्तराची वाट बघा, घाई नको.'

हो हो, म्हटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कार्डांचा अभ्यास झाला नाही. गणवेश द्यायचे होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कानाला लावलेला खडा कुठे पडला कोण जाणे!

झालं असं. बाईंनी परवा दोन नवी कार्डं दिली. एकात कप टेबलाच्या वर, दुसऱ्यात कप टेबलाच्या खाली. 'वर' आणि 'खाली' एवढंच शिकवायचं. सकाळी ह्यांना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं, कार्डं काढली. फोन शेजारी उघडा होताच. खोटं कशाला लिहू? सरांनी स्फोट म्हटलं होतं, पण कुठल्या बाजूला ते सांगितलं नव्हतं. ग्रुपात सगळे 'वर?' 'खाली?' करत होते. आणि मी इकडे कार्ड धरून बसले होते.

हे म्हणाले – 'वर.'

दे दे नाही, शिवी नाही. वर! असा ठणठणीत की माझ्या अंगावर काटा आला. हातात कार्ड खालचं होतं, ते सोडा. मी कार्ड टाकलं, फोन उचलला आणि कॉल घेतला. जेवणं व्हायच्या आत चौपट! या वेळी हाव नाही केली. विकला. विकला आणि ह्यांच्या गालाचा पटकन मुका घेतला. दुपारच्या उजेडात, खिडकी सताड उघडी. हे हसले, अर्ध्या तोंडाने. कितीतरी दिवसांनी.

शब्द आला म्हणून मी नाचले की पैसे आले म्हणून? दोन्ही म्हणून. दोन्ही असायला काय हरकत आहे?

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईंना सांगितलं, 'वर' आला. त्यांचे डोळे असे चमकले की मलाच लाज वाटली. महिन्याची फी आजच देऊन टाकली. ह्यांच्याच शब्दाने ह्यांची फी! यात वाईट काय आहे? कुणी सांगावं मला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन हातांत दोन कार्डं धरली. विचारलं, 'वर की खाली?'

ह्यांनी कार्डांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'खाली.'

पुट घेतलं. आणि टायरवाली निघाली की गडगडत! मी मशीनवर पँट दुमडून ठेवली आणि फोनसमोर मांडी ठोकून बसले. मोठ्याने बोलायची सवय लागली आहे मला. 'उतर गं बाळा, उतर, अशी शहाणी गं माझी, अजून एक पायरी, घाबरू नको…' मागे वळते तर दारात वन्सं! ह्यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, हातात सुपाचा डबा. म्हणाल्या, 'मला वाटलं माझ्या भावाला जिना उतरवतेयस! म्हटलं, काय गोड बोलते ही आज!' आणि बघतात तर भाऊ खिडकीत आणि मी फोनपुढे. काही बोलल्या नाहीत. वन्सं काही बोलल्या नाहीत की समजावं, आत साठवताहेत.

सूप फिकं होतं. हे सगळं प्यायले.

२३ फेब्रुवारी, रविवार

कप, किल्ली, बूट, खुर्ची – सगळी कार्डं खणात टाकली. बाहेर दोनच ठेवलीत. एकेक पक्कं होऊ दे आधी. उगाच गोंधळ कशाला?

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून विचारतेय. चहाच्या आधी एकदा, चहानंतर एकदा. हे एकदा वर म्हणतात, एकदा खाली. बुधवारचं उत्तर धरायचं नसतं, असं मी ठरवलं आहे. शुक्रवारचंच खरं.

हे वाचून मला कुणी शहाणी म्हणणार नाही. वाचणार कोण आहे म्हणा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

'वर' म्हणाले. खाली गेलं.

ह्यांची चूक नाही. कार्डं मी तिरकी धरली होती. उजेडही त्यांच्या डोळ्यांवर येत होता. पुढच्या वेळी पडदा ओढायचा.

१ मार्च, शनिवार

वन्सं भरलेला कप्पा रिकामा करून गेल्या! 'तो तुझ्याकडे बघत बसलेला असतो आणि तू त्या काचेकडे. माझा भाऊ काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?' मी म्हटलं, 'वन्सं, फी कोण भरतं? तुम्ही?' चपला घालून तरातरा गेल्या. बरं झालं. नाही, बरं नाही झालं. ह्यांनी सगळं ऐकलं. दारापर्यंत पाय ओढत गेले, आणि दाराशी उभेच राहिले. मी हाताला धरून आत आणलं. काय बोलावं सुचेना, म्हणून टीव्ही लावून दिला.

५ मार्च, बुधवार

बाई कोड्यात पडल्या आहेत. वर आणि खाली इतकं सफाईदार, आणि बाकी सगळी पाटी कोरी. किल्ली दाखवली, हे म्हणाले 'वर'. बूट दाखवला, 'खाली'. माझा हात दाखवला, 'वर'. बाईंनी विचारलं, 'घरी कुठली कार्डं घेता?' मी म्हटलं, 'सगळी.' एका दमात थाप. जीभ अडखळलीसुद्धा नाही. ज्याची जीभ अडखळते तो बिचारा समोर बसून माझ्याकडे बघत होता.

७ मार्च, शुक्रवार

कसला दिवस! कुणाचं तोंड पाहिलं होतं सकाळी? आरशात माझंच.

पलीकडच्या शाळेच्या हेडमास्तरांची नवी कोरी पँट. दोन्ही पाय तीन बोटं कमी करायचे. खडूने खूण केली, उजवा पाय कापला. तेवढ्यात टायरवाली उसळली. कॉल होता माझा. बघत बसले, 'चढ गं, चढ' चाललं होतं. परत मशीनकडे आले, खूण दिसेना, म्हणून पुन्हा माप घेतलं आणि पुन्हा कापला. तोच पाय! इतकी वर्षं कात्री धरतेय, असं कधी झालं नाही. शिकाऊ पोरीसुद्धा करत नाहीत.

हेडमास्तर घालून बघायला उभे राहिले. बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, 'बाई, माझे पाय सारखे आहेत हो. निदान सकाळपर्यंत होते.' मला हसूही येईना, रडूही. नवी पँट घेऊन देईन म्हटलं.

आणि तो कॉल? उसळला तसाच बसला. तेही गेलं. बाईंच्या पुढच्या फीचे म्हणून बाजूला काढले होते, ते लावले होते मी. आता लिहिताना आकडा दोनदा मोजला. सकाळी लावताना एकदाही नाही.

१० मार्च, सोमवार

बाईंना म्हटलं, 'आता आठवड्यातून एकदा आलात तरी चालेल. घरी सराव छान होतोय.' बाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. 'मी पैशांचं थांबेन. पण हे महिने थांबणार नाहीत.' मी म्हटलं, 'पैशांचं नाही हो!' दुसरी थाप. आता मोजतसुद्धा नाही.

मग म्हणाल्या, 'जरा बाहेर थांबता का?' मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता, 'कप कुठे आहे? वर की खाली?' परत, परत. ह्यांचा आवाज नाही. मला आत बोलावलं. माझ्या हातात कार्डं दिली, 'आता तुम्ही विचारा.' मी विचारलं. 'वर!' ठणठणीत.

बाई म्हणाल्या, 'बघितलंत? ते कार्ड बघतच नाहीत. तुमचा चेहरा वाचतात. तुम्हाला जे ऐकायचं असतं ते ते ओळखतात आणि देतात. आजारी माणूस घरच्यांना असं खूश ठेवतो कधी कधी.' पुढे म्हणाल्या, 'मी शब्द मोजत नाही. वाट बघतेय ती प्रश्नाची. माणूस आपणहून काही विचारतो ना, तेव्हा समजायचं, तो परत निघालाय. सध्या ते फक्त उत्तरं देताहेत. तीही तुमची.'



११ मार्च, मंगळवार

म्हणजे मीच मला विचारत होते! मला वर हवं असलं की ह्यांच्या तोंडून वर. मला खाली हवं असलं की खाली. आणि मी मुका काय घेते, पडदा काय ओढते, कार्डं सरळ काय धरते! मूर्ख बाई. ठार मूर्ख.

राग येतोय तो कुणाचा? माझा. आणि थोडा ह्यांचाही. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखून बोलायची सवय, ती तेवढी शाबूत राहिली. बाकी सगळं गेलं आणि हेच कसं राहिलं? मी शेवटचं गिऱ्हाईक!

असं लिहायला नको होतं. खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

आज घ्यायचं नाही, नुसतं बघायचं असं ठरवलं होतं. नुसतं बघितलं. पाचपट झालं असतं! पाचपट! जेवण गेलं नाही. स्वतःचं बुडालं तर निदान रडता येतं. घेतलंच नाही ते बुडालं तर कुणाच्या नावाने रडायचं?

कप आणि किल्लीची कार्डं खणातून काढली होती. टेबलावर तशीच पडून आहेत.

१७ मार्च, सोमवार

बाईंचा वार नाही आता. ह्यांनी अंघोळ करून, केस विंचरून घेतले – डाव्या हाताने, भांग वाकडा – आणि दाराकडे तोंड करून बसले. दुपारपर्यंत. मला सांगता येईना.

१९ मार्च, बुधवार

सरांचा निरोप : 'या शुक्रवारी टायरचे तिमाही निकाल. भर बाजारात जाहीर होणार. असा शुक्रवार वर्षात एकदा येतो. जो आज थांबला तो संपला.' ग्रुपात नुसते रॉकेट उडताहेत.

निकाल म्हणजे कंपनीने किती कमावलं ते. चांगले आले तर उसळी, वाईट आले तर दरी. मधलं काही नाही, म्हणे. एकदाच. एकदा आलं की बाई पुन्हा आठवड्यातून तीनदा. वर्षभर तीनदा! मग कायमचं बंद. या वेळी खरंच.

२० मार्च, गुरुवार

कापडाच्या कडा बंद करायचं इंटरलॉकचं मशीन विकलं. शिलाईचं तेवढं ठेवलं. मागच्या गल्लीतली शिंपीणबाई घेऊन गेली. तिचा नवरा आणि ती, दोघांनी मिळून उचललं. हे बघत होते. मी म्हटलं, 'जुनं झालं होतं.' परवापर्यंत त्यावर गणवेशांच्या कडा मारत होते मी, ह्यांना काय दिसत नाही?

जागा मोकळी झाली आहे कोपऱ्यात. फरशीवर मशीनच्या पायांचे चार गोल डाग.

२१ मार्च, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. लिहिल्याशिवाय बसवत नाही.

सकाळी बाजार उघडला तेव्हा ठरवलं होतं की ह्यांना विचारायचं नाही. घेणार होते कॉल. बोट बटणावर नेलं, आणि बोट उतरेना. इतके पैसे एकदम कधी लावले नव्हते. वर की खाली? शेवटी उठले आणि ती दोन कार्डं आणली.

आणि मग मी काय केलं, तर – माझा चेहरा वाचतात ना? मग चेहरा दिसायलाच नको! म्हणून ह्यांच्याकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड. दोन्ही हात मागे उंच धरून दोन कार्डं. शाळेत शिक्षा झाल्यासारखी. आणि विचारलं, 'वर की खाली?'

काही नाही.

'अहो, वर की खाली?'

काही नाही. मागे टायरवालीचे आकडे पळत असणार, मला दिसत नाहीत, निकाल कुठल्याही क्षणी येणार. मी वळले आणि ओरडले. 'बोला ना! जन्मभर नको तिथे बडबडलात, आणि आज तोंडाला कुलूप! एक शब्द! एक शब्द मागतेय मी!'

ह्यांनी डावा हात पुढे केला. माझ्या हातातून एक कार्ड घेतलं. मग दुसरं. सावकाश. दोन्ही मांडीखाली सरकवली आणि त्यांच्यावर बसले. मग तोंड खिडकीकडे वळवलं. गालावरून पाणी ओघळत होतं, पुसायला हात उचलला नाही.

आणि मी? मी तिथे थांबले नाही. तेवढं तरी लिहायला हवं. मी फोनकडे गेले आणि कॉल घेतला. सगळ्याचा.

निकाल आले. ना चांगले, ना वाईट. अपेक्षेइतकेच, असं लिहून आलं. टायरवाली हललीच नाही. जरा वर, जरा खाली, परत जागेवर. दिवसभर जागच्या जागी! मी उसळीची तयारी केली होती, दरीचीही केली होती. काहीच होणार नाही, याची नव्हती. माझं तिकीट डोळ्यांदेखत थोडं थोडं झिजत गेलं. विकावं म्हटलं तरी घ्यायला कुणी नाही. बाजार बंद होताना शून्य.

सरांनी लिहिलं, 'संयम ठेवा. पुढचा शुक्रवार आपला!'

मला माझी शिसारी आली. पैशांसाठी नाही. पैसे गेले ते गेले. पण मी त्या माणसावर ओरडले. त्याच्या गालावरचं पाणी मला दिसलं होतं, आणि तरी मी फोनकडे गेले.

२२ मार्च, शनिवार

ग्रुपातून बाहेर पडले. फोन कपाटात वरच्या फळीवर, चादरींच्या खाली. सकाळपासून चार वेळा फळीखाली जाऊन उभी राहिले. शनिवारी बाजार बंद असतो हे माहीत असून!

वन्संना जाऊन भेटले. दार उघडल्यावर म्हटलं, 'चुकलं माझं.' त्या म्हणाल्या, 'आत ये आधी.' सगळं सांगितलं, मशीन विकल्यापर्यंत. वन्सं भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या नाहीत. पदराने नुसता चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, 'बाईंना परत तीनदा यायला सांग. फीचं मी बघते. पण बोलणार कोण, ते मला सांगू नकोस, त्याला सांग.'

संध्याकाळी ह्यांच्याजवळ बसले. माफी मागायची होती. तोंडातून शब्द फुटेना. आता कळलं मला, ह्यांचं कसं होतं ते! नुसता हात धरला, लुळा होता तो. हे माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काय आणावं ते मला कळेना, हे वाचणार म्हणून.

२३ मार्च, रविवार

सकाळी हेडमास्तरांची नवी पँट घेऊन मशीनवर बसले. तोंड मशीनकडे, हे मागे खुर्चीत. वन्संनी बाईंना कळवलंय, उद्यापासून त्या पुन्हा येणार, म्हणून ठरवलं, आजपासून बोलायचं. काहीही, पण बोलायचं. सुरुवात केली. बाबिनचा दोरा अडकलाय. आज हवेत गारवा आहे, स्वेटर देऊ का. वन्संनी सूप पाठवलंय, मीठ मी घालीन. दोन्ही पाय सारखे कापलेत या वेळी, पट्टी लावून बघितले. बोलत होते, टीप मारत होते.

मागून आवाज आला. सावकाश, एकेक शब्द शोधून काढल्यासारखा.

'कुणाशी… बोलतेस?'

मशीन थांबलं. मी वळून म्हटलं, 'तुमच्याशी.'

ह्यांनी आधी उजवीकडे पाहिलं, मग मागे. खोलीत दुसरं कुणी आहे का, ते बघायला.